सात विटा उतरून: मामांसोबत पांढुर्णा, मोहगाव, सौसर

मामांचा फोन पहाटे आला. मी चेन्नईच्या बाहेर एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. सहाची शिफ्ट होती, तोंडात ब्रश होता. मामा कसा आहेस वगैरे विचारत बसत नाहीत. म्हणाले, "एकच वीट राह्यली बे. माघ पौर्णिमेले तेही काढतो. पाहाचं असन तं ये."

त्याच दिवशी सुपरवायझरकडं दहा दिवसांची सुट्टी मागितली. कारण विचारलं तर म्हटलं, मामा. त्याने चेहरा पाडला, त्याला वाटलं मामा वारले. मी म्हटलं, नाही सर, मामा उठणार आहेत. तो आणखीनच गोंधळला, पण सुट्टी दिली.

तुमचा गोंधळ नको म्हणून आधीच सांगून टाकतो. सुदाम मामा म्हणजे माझ्या मायचे मोठे भाऊ. पांढुर्ण्याला रेल्वेत चाबीवाले होते. चाबीवाला म्हणजे आपल्या हद्दीतला सगळा रूळ रोज पायी तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा, पिशवीत पाना, लाल-हिरव्या झेंड्या. रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी लोखंडी चाबी कुठं ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची. जाताना एक लाइन, येताना दुसरी. ऊन असो, पाणी असो. अशी तीसपेक्षा जास्त वर्षं.

रिटायर झाले तेव्हा रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या लोकांनी वर्गणी करून त्यांना आरामखुर्ची दिली. लाकडी, वेताची, हात टेकायला रुंद पट्ट्या. मामा तिच्यात बसले ते पाच वर्षं बसले. चहा खुर्चीत, जेवण खुर्चीत. मामी पाण्याचा गिलास हातात द्यायची. बाहेर कुणाकडं गेले तर तिथंही पहिले खुर्ची समोर यायची, कारण आमच्याकडं मोठ्या माणसाला मान द्यायचा म्हणजे खुर्ची द्यायची. कोणी म्हटलं की जरा फिरत जा, तर मामा म्हणायचे, मी इतका चाललो आहे का सात पिढ्यांले पुरन. त्यांना खरंच वाटायचं की चालणं कणगीत भरून ठेवता येतं आणि म्हातारपणी बसल्या बसल्या काढून खाता येतं.

अंग म्हणजे कणगी नाही, हे त्यांना मागच्या जेठ पौर्णिमेला विहारात कळलं.

आमच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला वंदना कोणी द्यायची याची एक रीत आहे. पुरुषांतला सगळ्यात वयस्क माणूस पुढं होतो, फुलं वाहतो आणि तीन वेळा पंचांग प्रणाम करतो. गुडघे, तळहात, कपाळ जमिनीला. प्रत्येक प्रणामानंतर पूर्ण उभं राहायचं. मग त्याच्या मागून सगळे त्रिशरण, पंचशील म्हणतात. अट एकच, ती कुठं लिहिलेली नाही. उठताना दुसऱ्याचा हात लागू नये. लागला तर पुढच्या वेळेपासून त्याच्या नंतरचा माणूस. कोणी तोंडानं काही म्हणत नाही. फक्त मागच्या भिंतीला एक प्लास्टिकची खुर्ची लागते.

त्या दिवशी मामा पहिल्या प्रणामातून कसेबसे उठले, दुसऱ्यातून उठलेच नाहीत. कपाळ टेकलेलं, पाठ हलतेय, पाय ऐकत नाहीत. काखेत हात घालून उचलणारे दोघे होते, त्यातला एक मी. मी तेव्हा सुट्टीवर होतो. मामांचं वजन मला अजून खांद्यात आठवतं. वंदना शालिकभाऊंनी पूर्ण केली. ते नगरपालिकेत नळाचं पाणी सोडतात, मामांहून आठ वर्षांनी लहान. निघताना मामा त्यांना एवढंच म्हणाले की माघ पौर्णिमेपर्यंत थांब, तेव्हा नाही उठलो तर मीच तुझ्या हातात फुलं देतो. त्यानंतर मामा विहारात गेले नाहीत.

आता प्रवास.

चेन्नईहून नागपूर एक रात्र आणि अर्धा दिवस. स्लीपरचं तिकीट सातशेच्या आत बसतं. काही गाड्या थेट पांढुर्ण्याला थांबतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. नागपूरला उतरा, स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा आणि इटारसीकडं जाणारी पॅसेंजर पकडा. पन्नासच्या आत तिकीट, दोन-अडीच तास. काटोल, नरखेड गेलं की खिडकीतून संत्र्याच्या बागा सुरू होतात आणि डब्यात टोपल्या चढतात. माघात मृग बहाराची संत्री येतात, सालीला जरा खरबरीत, आत गोड. माझ्यासमोरच्या बाईनं विचारलं, कुठचा? पांढुर्ण्याचा म्हटलं. तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं आणि म्हणाली, बाहेर कमवाले गेला वाटते.

मी सव्वीस वर्षांचा आहे. गोदामात दहा-बारा तास बसून काम. हात एका दांड्यावर, पाय एका पेडलवर. खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि दुसऱ्या मजल्यावर थांबून मोबाईल पाहायची सवय मला लागली आहे. मोबाईलवर काही नसतं. मागच्या कंपनी तपासणीत बीपी वर आलं, डॉक्टरने वय विचारलं आणि परत विचारलं. तीन वेळा जिम लावली, तिन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यात सुटली. नोकरीचंही तसंच. आधी बोरगावच्या कारखान्यात, मग नागपूर, सुरत, हैदराबाद, आता हे. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी काही ना काही सोडतच आलो आहे.

पांढुर्ण्याच्या फलाटावर मामा उभे होते. बाकडं रिकामं होतं तरी उभे. घरापासून चालत आलेले. हातात सागाची काठी, हातोड्याच्या दांड्याएवढीच लांब. माझी बॅग त्यांनी घेतली आणि मला ती परत मागायला लाज वाटली, कारण दादऱ्यावर, म्हणजे पुलाच्या जिन्यावर, चढताना मला ती परत नकोच होती.

घरी पहिली गोष्ट पाहिली ती आरामखुर्ची. अंगणात उन्हात होती आणि तिच्यावर मामीने मुगवड्या वाळत घातल्या होत्या. वेताच्या जाळीतून खालूनही हवा लागते, वड्या एका दिवसात कडक होतात, असं मामी म्हणाली. दुसरी गोष्ट ओसरीतली वीट. एकटी, वर पोत्याचा तुकडा घडी घालून.

विटांची गोष्ट मामीने जेवताना सांगितली. तुरीच्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत. विहारातून आल्यावर तिसऱ्या दिवशी मामा रागारागाने उठले आणि नोकरीत रोज चालायचे तितकं अंतर एका दमात चालून आले. गुडघा नारळाएवढा सुजला. आठ दिवस खाटेवर. शुगर तपासायला उपकेंद्रातली नर्स, सिस्टर, घरी आली तेव्हा मामा तिला म्हणाले की आता चालणं गेलं माझं. तिनं त्यांच्या मांडीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, चाल नाही गेली तुमची, मांड्या गेल्या. बसून बसून मांस उतरलं."

तिनं सांगितलेलं मामी अजून शब्दाला शब्द सांगते. चालल्याने दम टिकतो, शुगर आटोक्यात राहते, झोप लागते. पण जमिनीवरून उठायला मांडीत आणि कमरेत जोर लागतो, तो नुसत्या चालण्याने येत नाही. वय झालं की मांस आपोआप उतरत जातं, बसून राहिलं तर लवकर उतरतं. मात्र रोज थोडं थोडं मागत गेलं तर साठीतही, सत्तरीतही परत येतं. एका दिवसात मागितलं तर गुडघा सुजतो.

मग सिस्टरनं घरामागं पडलेल्या विटा आणायला लावल्या. आडव्या, दोन-दोन शेजारी, सात थर. साधारण खुर्चीच्या उंचीचं आसन झालं. छातीवर हाताची घडी घालून त्यावर बसायचं आणि उठायचं. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. भिंत जवळ पाहिजे, मामी समोर पाहिजे. आठवडाभर गुडघा न दुखता जमलं आणि आणखी तीन आठवडे तसंच राहिलं तरच एक थर काढायचा. महिन्याला एक थर. शेवटच्या थराला ढीग हलायची भीती नव्हती, म्हणून तिथं एकच वीट ठेवली. मामांना हे लगेच पटलं, कारण चाबीवाल्याला घाई शिकवलेलीच नसते. एक ठोकायची, पुढं जायचं. पाचव्या थरावर गुडघ्याने पंधरा दिवस कुरकुर केली तेव्हा ते मुकाट्याने परत सहाव्यावर गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढंच मामी म्हणाली.

मी बढाईत म्हटलं, एका विटेवरून तर मीही उठेन. मामा म्हणाले, बस. बसलो. छातीवर घडी घातली. पुढं झुकलो, मागं पडलो. परत झुकलो, हात आपोआप जमिनीवर गेला. मामी पदराआड हसली. मामा हसले नाहीत. म्हणाले, "तुह्या सगळ्याच चाब्या ढिल्या हायेत बे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामांसोबत निघालो. पांढुर्ण्यात माघात सकाळी तोंडातून वाफ निघते, स्वेटर आणा. रुळावर बाहेरच्या माणसाला चालता येत नाही, आणि मामा नियमाचे पक्के, म्हणून त्यांनी शेतातून जाणारा कच्चा रस्ता धरला आहे. एका बाजूला गहू, एका बाजूला कापसाच्या उरलेल्या पळाट्या. मामांची पावलं रस्त्यावरही स्लीपरच्या मापाची पडतात, ना कमी ना जास्त. आणि रिकाम्या हाताने त्यांना चालताच येत नाही. काठीने विजेच्या प्रत्येक खांबाला, प्रत्येक पुलियाच्या दगडाला एक ठोका. ठोकायचं, कान द्यायचा, पुढं. दोन शेतं पलीकडच्या रुळावरून गाडी गेली तेव्हा मामा रस्त्याच्या कडेला सरळ उभे राहिले, गाडीकडं तोंड केलं आणि तळहात वर केला. गाडी पूर्ण जाईपर्यंत. मी विचारलं, तो ड्रायव्हर इतक्या लांबून पाहतो का? मामा म्हणाले, त्याने पाहावं म्हणून नाही करत, लाइन ठीक आहे म्हणून करतो.

येताना मी मागं पडलो. सहासष्ट वर्षांचा माणूस पुढं आणि मी मागं, छातीत भाता चाललेला. चौकातल्या टपरीवर टेकलो. इथं पोहा-जलेबी तीस रुपयांत पोटभर मिळते, आलूबोंडा वेगळा. शेजारच्या बाकड्यावर दोघे बोलत होते.

"थो खांबाले ठोकत जाते थो बुढा कोण व्हय?"

"रेल्वेवाला व्हय. बिजलीवाल्याचं काम फुकटात करून राह्यला."

"आन् मांगून थो हापत हापत आला थो?"

"थो त्याचा बाप असन."

मामांनी ऐकलं. चहा संपवला. उठताना त्या दोघांना म्हणाले, भाचा आहे, चेन्नईले राहते, तब्बेत पाहून घ्या त्याची. सगळी टपरी हसली. मीही हसलो, दुसरं काय करता.

तिसऱ्या दिवशी आम्ही मायकडं निघालो. ती मोहगावला राहते. पांढुर्ण्याहून सौसरकडं जाणाऱ्या बसमध्ये बसा आणि कंडक्टरला मोहगाव सांगा. साठ-सत्तर रुपये, वेळ रस्त्यावर आणि कंडक्टरच्या ओळखीपाळखीवर. वाटेत उतार-चढाव आहेत, डोंगर लहान पण वळणं पुष्कळ. दोन्हीकडं संत्र्याच्या बागा, मध्येच तुरीची गंजी. बस भरलेली होती. एका पोराने उठून मामांना जागा दिली. मामांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्यालाच परत बसवलं. पोरगं ओशाळलं. मी म्हटलं, मामाजी, त्यानं मान दिला तुम्हाला. मामा म्हणाले, मानानंच तं मले बसवलं होतं पाच वर्सं.

माय दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते. कापूस वेचणं, संत्रा तोडणं, निंदण. दिवसभर अंग मोडून काम. माझं डोकं असं चाललं की मायला व्यायामाची काय गरज, तिचा तर रोजच होतो. तिथं मी चुकलो. ती बावन्नची आहे आणि उभी राहिली की मागच्या दोन वर्षांत जरा पुढं वाकलेली दिसते. मामांनी सिस्टरला हेही विचारून ठेवलं होतं. सिस्टरचं उत्तर असं की काम एकाच अंगाला राबवतं, दिवसभर पुढं वाकवतं. व्यायाम म्हणजे त्या अंगाला उलट बाजूने परत आणणं. म्हणून मायने दुपारच्या सुट्टीत बांधावर पोटावर पडायचं आणि छाती हळूहळू वर उचलायची.

पहिल्या दिवशी बाया इतक्या हसल्या की भाकरी हातातून पडली, असं माय म्हणाली. मायचं नाव घेऊन म्हणाल्या, अनसूयाचा नाग झाला, दूध आणा व. आता चौघीजणी पडतात. मी शेतावर जाऊन पाहिलं. दुपारची वेळ, बागेच्या बांधावर चार बाया ओळीने पोटावर, तोंडं वर, आणि बोलणं चालू, कोणाची सून कशी आणि कोणाचा जावई कसा. माय उठली ती हात झटकत सरळ उभी राहिली. म्हणाली, "दादाचं आयकते मी. तू कोणाचं आयकतं?"

मोहगाव ते सौसर दहाएक किलोमीटर. पौर्णिमेसाठी मामांना पांढरा नवा सदरा घ्यायचा होता आणि तालुक्याच्या डॉक्टरला महिन्याचा रिपोर्ट दाखवायचा होता. मामा म्हणाले, चालत जाऊ. मी नवे स्पोर्ट शूज घातले होते. ही चूक तुम्ही करू नका. नवा बूट घेऊन लांब चालायला निघायचं नसतं, तो आधी घरात आठ दिवस वापरायचा असतो. पाचव्या किलोमीटरला टाचेवर फोड आला. सहाव्याला मी ऑटोला हात दाखवला. मामांना म्हटलं, बसा. त्यांनी ऑटोवाल्याला विचारलं, तुझं मीटर ठीक आहे का, त्याच्या पत्र्याला काठीने एक ठोका दिला आणि पुढं निघून गेले.

सौसरच्या स्टँडवर मी आलूबोंडे खात बसलो. वीस रुपयांत दोन, सोबत पातळ चटणी आणि तळलेली मिरची. पाऊण तासाने मामा आले. कपाळावर घाम, श्वास मात्र घरातल्यासारखा. माझ्या प्लेटमधला उरलेला अर्धा बोंडा पाहिला आणि पाणी प्यायले. डॉक्टरकडं त्यांचा रिपोर्ट बरा निघाला. शुगरच्या दोन गोळ्यांतली एक डॉक्टरने दोन महिन्यांपूर्वी कमी केली आहे, दुसरी चालू आहे. मामा स्वतःच्या मनाने कुठलीच बंद करत नाहीत, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मग डॉक्टरने मला विचारलं, तुम्हाला काय होतं? मी म्हटलं, काही नाही, सोबत आलो. मामा म्हणाले, याचंही मशीन लावून पाहा. पाहिलं. डॉक्टरने माझं वय विचारलं आणि परत विचारलं.

कापडाच्या दुकानात मामांनी सदरा अंगाला लावून पाहिला. दुकानदाराने ओळखीने स्टूल पुढं सरकवला. मामा उभेच राहिले. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर धाकधूक दिसली. सदऱ्याची घडी घालताना म्हणाले, एका विटेवरून उठतो मी, पण वीट म्हणजे शेवटी वीट, जमीन नाही. आणि घरात मामी समोर असते, विहारात लोक असतात. मी म्हटलं, मी बाजूला असतो. ते म्हणाले, "मागच्या टायमालेही तूच होता."

परतीच्या बसमध्ये मी टाचेचा फोड दाबून पाहत बसलो.

शेवटची वीट मामांनी पौर्णिमेच्या सकाळी काढली. ओसरीतून उचलली आणि घरामागच्या ढिगात बाकीच्या तेरा विटांवर नेऊन ठेवली. जमिनीवर एकदाही करून पाहिलं नाही. मामी म्हणाली, एकदा पाहून तरी घ्या. ते म्हणाले, गाडी आल्यावर रूळ तपासत नाहीत.

वंदना संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी. विहार लहान आहे, फरशी गार, पुढं मूर्ती, बाजूला निळा झेंडा. पन्नासेक माणसं असतील. आत शिरताच मला ती खुर्ची दिसली. लाल प्लास्टिकची, आणि ती मागच्या भिंतीला नव्हती. पुढं, मूर्तीच्या बाजूला, वर पांढरी चादर टाकलेली. शालिकभाऊंनी ठेवली होती. त्यांचा हेतू चांगला होता. मामांना जय भीम करून ते हळूच म्हणाले की सुदामभाऊ, बसूनच द्या न जी तुम्ही वंदना, कोणाले काही वाटणार नाही, मान तुमचाच आहे.

मामा खुर्चीकडं बघत राहिले. इतका वेळ की मला वाटलं बसतात. मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली, शालिकभाऊंच्या हातातलं फुलांचं ताट घेतलं आणि पुढं गेले.

फुलं वाहिली. पहिला प्रणाम. गुडघे, तळहात, कपाळ. वर येऊन गुडघ्यावर बसले, एक पाय पुढं रोवला, दोन्ही हात छातीशी जोडलेले, आणि उठले. सरळ. दुसरा. इथंच ते मागच्या वेळी अडकले होते. मागं कोणीतरी लहान मूल बोलत होतं, त्याला आईने गप्प केलं. पाय रोवला, उठले, जरा डावीकडं झोक गेला, सावरले.

तिसरा. कपाळ टेकलं. वर आले, पाय रोवला. आणि थांबले. मांडी थरथरायला लागली. नव्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा डाग पसरताना मला दिसत होता. माझ्या खांद्यांना आठ महिन्यांपूर्वीचं वजन आठवलं, आणि मी पुढं झालो. पाऊल उचललंच होतं.

मामांनी मागं पाहिलं नाही. जोडलेल्या हातांतला एक हात बाजूला आला आणि तळहात माझ्याकडं वळला. शेताच्या रस्त्यावर गाडीला दाखवतात तसाच. लाइन ठीक आहे.

मी जागच्या जागी थांबलो. तो हात परत दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. मग मामा उठले. सावकाश, एका विटेमागं एक वीट चढल्यासारखे, पण उठले. जमिनीला हात नाही, माणसाचा हात नाही. पूर्ण उभे राहिले, श्वास घेतला आणि त्रिशरण सुरू केलं. आवाज पहिल्या ओळीत फाटला, दुसऱ्या ओळीत बसला. पन्नास माणसांनी त्यांच्यामागून म्हटलं. मामी बायांच्या ओळीत होती. ती नुसती मान हलवत होती, जणू एक एक थर मोजतेय.

वंदना झाली, सगळे खाली बसलो, खीर वाटली गेली. निघताना मी उठलो आणि मामा माझ्या कानाशी म्हणाले, "हात टेकला बे तू."

टेकला होता. मला कळलंही नव्हतं.

शालिकभाऊ तोपर्यंत त्या लाल खुर्चीत बसून खीर खात होते, कोणीतरी बसायला पाहिजेच ना. मामा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, शालिक, घरामागं चौदा विटा रिकाम्या पडल्या आहेत, कधी घेऊन जातो? शालिकभाऊंनी वाटी सांभाळत विचारलं, मले कायले जी, माह्यी तं नोकरी चालू आहे. मामा म्हणाले, "माह्यीही चालूच होती, रिटायर होयपर्यंत."

दोन दिवसांनी मी निघालो. मामांनी फलाटावर बॅग माझ्याच हातात दिली. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून पाहिलं, ते सरळ उभे, तळहात वर. यावेळी मीही खिडकीतून हात दाखवला. म्हणजे आता एक तरी माणूस पाहतो.

तुम्ही इकडं यायचं ठरवलं तर माघात या. पाच-सहा दिवस हाताशी ठेवा, जुने बूट घाला, बस कमी धरा. पाहायला मोठं असं काही सांगत नाही मी. सकाळी सहाला पांढुर्ण्याबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर काठीचे ठोके ऐकू आले तर त्यांच्यासोबत चालून पाहा, मागं पडाल.

इथं परत येऊन चाळीस दिवस झाले. गोदामात विटा नाहीत, पण माल ठेवायचे लाकडी पॅलेट हवे तितके आहेत. तुटके चार पॅलेट एकावर एक रचले. जेवणाच्या सुट्टीत दहा, शिफ्ट संपल्यावर दहा. पोरं पहिल्या आठवड्यात व्हिडिओ काढायची, आता काढत नाहीत. गेटवरचे गार्डकाका, ओडिशाचे, पन्नाशीचे, शेजारी उभे राहून मोजतात आणि अधूनमधून स्वतःही बसून पाहतात. एक पॅलेट काढला आहे, तीन उरले. दुसऱ्या मजल्यावर मोबाईल काढायची सवय सुटत आली आहे. बीपी अजून बघितलं नाही, पुढच्या महिन्यात बघेन. आतापर्यंत पाच नोकऱ्या केल्या, पण स्वतःहून, एकही दिवस न चुकवता सलग चाळीस दिवस मी याआधी काहीच केलेलं नाही.

मामा आठवड्याला फोन करतात. विचारतात, किती राह्यले? मी आकडा सांगतो. ते म्हणतात, ठीक, आणि ठेवतात.

काल दहावं उठणं होतं. मांडी थरथरली, मी मध्येच अडकलो. गार्डकाका घाबरून हात द्यायला पुढं आले. मी त्यांना तळहात दाखवला.